ओहोटीच्या वेळेवर

गंगाखेडहून समुद्राकडे जाणारी गाडी रात्रीची आहे. नांदेडहून निघालेली पनवेल एक्सप्रेस परभणी सोडते, गोदावरीचा पूल ओलांडून आमच्या स्टेशनात थांबते आणि परळी, लातूर, बार्शी, कुर्डूवाडी, पुणे करत दुसऱ्या दिवशी घाट उतरते. आमची गोदामाय मात्र या वाटेने कधी गेली नाही. ब्रह्मगिरीवर ती उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. तरी ती पूर्वेकडे तोंड करते आणि सुमारे १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे आम्हा गंगाखेडकरांना पाणी भरपूर ठाऊक, पण पश्चिमेचा समुद्र ठाऊक नाही. आमच्याकडे कोकण म्हणजे सहलीचं गाव. हिवाळ्यात तिथल्या खडकांवर पक्षी बघायला जाते म्हटलं की शेजारपाजारच्या बायका विचारतात, "इथं नदीवर कमी आहेत का?"

कमी नाहीत. दिवाळी उलटली, पावसाळी गढूळ पाणी निवळलं की आमच्या पात्रात वाळूची बेटं आणि काळे खडक उघडे पडतात. घाटाच्या खालच्या अंगाला सकाळी धुणं सुरू व्हायच्या आत जाऊन बसावं. पांढरे धोबी शेपट्या हलवत पाण्याच्या कडेने पळत असतात. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर उथळ पाण्यात चालतात. नदी सुरय पाण्यावरून ये-जा करतात. एखाद्या वर्षी दूर, माणसांपासून अंतर राखून, चक्रवाकाची जोडी उतरलेली दिसते. आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या दगडावर एकटीच एक तुतारी: पाठीवर मातकट, पोटाशी पांढरी, उभी असली तरी मागचा भाग सतत वरखाली करणारी. गंगाखेडच्या शाळेत शिकवताना मी मुलांना हिवाळी पाहुणे दाखवते तेव्हा सुरुवात या तुतारीपासून करते, कारण ती हमखास भेटते. हीच तुतारी समुद्राच्या खडकांवरही असते असं पुस्तकात वाचलं होतं. गोड्या पाण्याच्या काठी जगणारा पक्षी खाऱ्या पाण्याच्या काठी कसा जगतो, हे बघायची ओढ मला कोकणात घेऊन गेली.

माझा भाचा पनवेलला नोकरीला आहे आणि पक्ष्यांचा नाद आम्हा दोघांना सारखाच. फोनवर त्याने आधीच बजावलं होतं, "मावशी, आधी तिथी बघ आणि मग सुट्टी टाक." नदीकाठच्या माणसाला पाणी एकाच दिशेला जाताना बघायची सवय असते. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडं जास्त उशिरा. कोकणातल्या कोळ्यांकडे याचा सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. तृतीयेला सव्वादोन. त्याच्या आधी आणि नंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा चढउतार बेताचा. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाला हा फरक चार मीटरच्या वर जातो. म्हणजे एका माळ्याहून जास्त उंचीचं पाणी सहा तासांत निघून जातं आणि एरवी झाकलेला खडक उघडा पडतो.

आम्ही मार्गशीर्षातली वद्य तृतीया धरली. पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले की उधाण अजून जोरात असतं आणि ओहोटी सकाळी आठच्या सुमाराला येते. उजेड चांगला, ऊन कोवळं आणि खडक सगळ्यात जास्त उघडा, असा योग जुळतो. पनवेलहून एसटीने पेण, वडखळ करत अलिबागला पोचलो. पेण सोडल्यावर मिठागरं लागली, खाडीच्या कडेचं खारं वारं खिडकीतून आत आलं आणि मराठवाड्याच्या कोरड्या थंडीतून आलेल्या माझ्या अंगाला ते दमट वाटलं.

पहाटे किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी उतरत होतं. समोर कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं बळकट ठाणं झालेला हा जलदुर्ग ओहोटीला पायी गाठता येतो. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत, त्यामुळे लाटेचं पाणी फटींतून आत-बाहेर होतं आणि तटावरचा मार कमी होतो. किल्ल्याभोवती काळ्या खडकाचा लांबरुंद पट्टा पसरलेला आहे. हा खडक बघून मला घरच्यासारखं वाटलं, आणि त्याला कारणही आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार तयार झालं. कोकणापासून परभणी-नांदेडपर्यंत खाली तोच बेसाल्ट आहे. गंगाखेडच्या पात्रातला काळा दगड आणि अलिबागच्या समुद्रातला काळा दगड मुळात सख्खे भाऊ. एकाला गोड्या पाण्याने गुळगुळीत केलं, दुसऱ्याला खाऱ्या पाण्याने खरबरीत.

खरबरीतपणा हातालाच कळतो. खडकाच्या वरच्या भागाला, जिथे फक्त उधाणाचे शिंतोडे पोचतात, बारीक गोगलगायी फटी धरून बसलेल्या असतात. त्याच्या खाली बार्नॅकलचा पांढरट, धारदार थर. आणखी खाली कालवं दगडाला घट्ट चिकटलेली, आणि अगदी तळाशी हिरवं-तपकिरी शेवाळ. मधल्या खळग्यांत समुद्र थोडंथोडं पाणी मागे ठेवून जातो. त्यात छोटे मासे, कोळंबीची पिल्लं, संन्यासी खेकडे. प्रत्येक जिवाने आपण किती तास उन्हात राहू शकतो त्याप्रमाणे उंची निवडलेली असते. पक्ष्यांनीही तशीच निवडली आहे. पाणी एक हात उतरलं की ते एक हात पुढे सरकतात. ओहोटीबरोबर खाली जायचं आणि भरतीबरोबर मागे यायचं, असा त्यांचा दिवस. तो सूर्यावर चालत नाही. चांदणं असेल तर यातले कितीतरी पक्षी रात्रीच्या ओहोटीलाही खात असतात, असं भाच्याने सांगितलं.

पहिला दिसला तो समुद्र बगळा. आमच्याकडचे बगळे पांढरे. हा पाटीच्या दगडासारखा काळपट, गळा तेवढा पांढरा, काळे पाय आणि पिवळी बोटं. या जातीत पांढरे बगळेही असतात आणि काळेही, आणि दोन्ही एकाच खडकावर शिकार करताना दिसतात. एका खळग्याच्या काठाशी तो मान आखडून उभा होता. एक पाय पुढे टाकून त्याने पाणी किंचित ढवळलं, मासा हलला आणि चोच गेलीसुद्धा. मान पुन्हा आखडली आणि तो पुढच्या खळग्याकडे निघाला. सगळ्या खडकभर त्याची ठरलेली फेरी होती. एक खळगा चुकवला नाही.

तुतारी तिथे होतीच. तोच वरखाली हलणारा मागचा भाग, तशीच पाण्याला चिकटून जाणारी थरथरती भरारी, पंखावर तीच पांढरी पट्टी. ती काश्मीर-लडाखच्या नद्यांकाठी आणि तिथून थेट युरोपपर्यंत घरटी करते. जुलै-ऑगस्टपासूनच खाली येऊ लागते. नदी असो, तलाव असो, बंदराची भिंत असो, काठ आणि किडे मिळाले की तिचं भागतं. हिवाळाभर ती काठाचा एक तुकडा आपला मानते आणि दुसरी तुतारी आली की तिला हाकलते. गंगाखेडच्या खडकावर आणि अलिबागच्या खडकावर ती नेमकं तेच करत होती. मी समुद्राकडे पाठ करून तिच्याकडे बघत बसले असते तर गोदाकाठी बसल्याचाच भास झाला असता.

मग भाच्याने हळूच दंडाला धरून डावीकडे बघायला सांगितलं. शेवाळाने माखलेल्या सपाट दगडांमध्ये तीन-चार टर्नस्टोन. मैनेहून किंचित आटोपशीर, पाठीवर काळसर-तपकिरी नक्षी, छातीवर काळा पट्टा, पोट स्वच्छ पांढरं, आखूड पाय नारिंगी. त्यांच्यातला एक आमच्यापासून फार लांब नव्हता. त्याने तळहाताएवढा एक चपटा दगड निवडला. आखूड, टोकाला किंचित वर वळलेली चोच दगडाखाली घातली, मान खाली नेली, पाय रोवले आणि छातीच्या जोराने दगड उलटला. खाली ओल्या वाळूत उड्या मारणारे बारीक किडे आणि नखाएवढा खेकडा. खेकडा पळायच्या आत चोचीत गेला. तेवढ्यात दुसरा टर्नस्टोन धावत आला. पहिल्याने पिसं फुगवून, मान खाली करून त्याला हुसकलं आणि उरलेले किडे वेचले. दगड संपले तेव्हा त्याने शेवाळाची एक जुडी चोचीने गुंडाळत मागे लोटली, गालिचा गुंडाळावा तशी, आणि तिच्या खालचं वेचलं. पुढे बार्नॅकलवर ठोके देऊ लागला. एवढ्या वेळात त्याने मान वर करून आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. आम्ही खाली बसलेले होतो, हलत नव्हतो, त्याला तेवढं पुरे होतं.

हा पक्षी घरटं करतो तो उत्तर ध्रुवाच्या भोवतालच्या टुंड्रात, जिथे झाड नावालाही नसतं. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा देहाने तो सैबेरियाचा किनारा सोडून कोकणचा खडक गाठतो आणि एप्रिल-मेमध्ये परत जातो. आमच्यासमोर उलटलेला प्रत्येक दगड त्या परतीच्या वाटेची शिदोरी आहे. फेब्रुवारी-मार्चपासून हे पक्षी अंगावर चरबी चढवू लागतात, कारण पुढच्या मुक्कामापर्यंत वाटेत खाणं मिळेल याची खात्री नसते. किनारी पक्ष्यांची ताकद किती असते याचा सगळ्यात मोठा दाखला २०२२ मध्ये मिळाला. पट्टेरी शेपटीचा एक गॉडविट, जन्मून पाचच महिने झालेला, अलास्काहून निघाला तो कुठेही न उतरता अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचला. पाठीवरच्या ट्रान्समीटरमुळे ते कळलं. आपल्याकडे येणारे पक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात, म्हणजे सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या सुमारे ३० देशांवरून जाणाऱ्या वाटेने. त्यांची वाट एवढी लांब नसली तरी मध्ये हिमालय आहे.

खडकाच्या कडेला एक आजी कालवं काढत बसली होती. लुगड्याचा काचा मारलेला, एका हातात लोखंडी हत्यार, बाजूला पाण्याने भरलेला डबा. ती कालवाच्या वरच्या शिंपेवर नेमक्या जागी ठोका देई, शिंप उचकटे, आतला लिबलिबीत गोळा डब्यात टाके. मी जरा अंतरावर बसून बघत होते. ती म्हणाली, "पक्षी बघाया आलीस? ते लाल चोचीचं आक्षीला असतं. ते बी कालवंच खातं." मग माझ्या मागे पाण्याकडे नजर टाकून म्हणाली, "पानी फिरलं गो बाय. आता इथं बसू नको." घड्याळात नऊ वाजायचे होते. मला पाणी होतं तिथेच दिसत होतं. पण पक्षी तिच्याइतकेच तयारीचे होते. टर्नस्टोन खालचे दगड सोडून वर आले होते आणि समुद्र बगळ्याने तोंड किनाऱ्याकडे केलं होतं. आम्ही उठलो.

आक्षी अलिबागच्या दक्षिणेला. मराठी वाचकाला हे गाव शिलालेखामुळे ठाऊक असतं, पक्षीनिरीक्षकाला तिथल्या किनाऱ्यामुळे. तिथे वाळू आणि ओल पुष्कळ, खडक मधूनमधून. भरती चढत गेली तसे खडकांवरचे, चिखलातले, वाळूवरचे सगळे पक्षी एका अरुंद पट्टीवर गोळा होऊ लागले. आजीने सांगितलेला लाल चोचीचा ऑइस्टरकॅचर तिथे होता: डोकं-पाठ काळी, पोट पांढरं, पाय गुलाबी, आणि बोटाएवढी लांब, सरळ, शेंदरी चोच. कालव किंवा शिंपला किंचित उघडा सापडला की ही चोच आत घालून तो शिंप मिटवणारा स्नायूच कापतो. बंद असेल तर ठोके देऊन फोडतो. चोच रोज झिजते आणि रोज वाढते. बहुतेक किनारी पक्ष्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की स्वतःच वेचून खातात. ऑइस्टरकॅचरची पिल्लं मात्र आईबापांच्या जिवावर वाढतात, कारण शिंपला उघडणं शिकायला वेळ लागतो. आजीचा ठोका आणि या चोचीचा ठोका एकाच जागी पडतो, हे मी त्या दिवशी दोन्ही पाठोपाठ बघितलं म्हणून मला कळलं.

बाकीची पंगत मोठी होती. चिखल्यांचा थवा वाळूच्या रंगात असा मिसळलेला की एक हलला तेव्हाच शेकडो आहेत हे लक्षात यावं. यातले बरेचसे लडाख-तिबेटच्या उंच माळांवर वाढलेले. तिथल्याच सरोवरांवरून आलेले तपकिरी डोक्याचे कुरव, हिवाळ्यात डोक्याचा रंग उतरून कानामागे नुसता डाग उरलेले. लाटेच्या फेसापुढे पळणारे आणि फेस मागे हटला की त्याच्या मागे धावणारे पांढुरके सँडरलिंग. त्यांना मागचं बोटच नसतं, त्यामुळे ते वाळूवर इतके भरभर धावू शकतात. आणि सगळ्यांहून उंच, खाली वळलेल्या लांबलचक चोचीचा कर्ल्यू, एकटा, वाऱ्याकडे तोंड करून.

एवढ्या लांबून हे नेमके इथेच कसे येतात, याचं एक उत्तर अलिबागेतच आहे. १९०४ मध्ये इथे भूचुंबकीय वेधशाळा सुरू झाली. आधी ती मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असं ठरलं तेव्हा विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून नवी जागा शोधली गेली, ती ही. बांधकामात लोखंड येणार नाही याची काळजी घेतलेल्या त्या वास्तूत शंभरावर वर्षं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे. पक्ष्यांना हेच चुंबकत्व जाणवतं, असं जर्मनीत वोल्फगांग विल्ट्श्को यांनी १९६० च्या दशकात रॉबिन पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पक्षी तारे बघतात, मावळता सूर्य बघतात, ओळखीच्या नद्या आणि किनारे बघतात, आणि त्याच्या जोडीला त्यांच्याजवळ हा होकायंत्राचा गुण असतो. माणसाने ज्यासाठी उपकरणं मांडली ते वाळूवर बसलेल्या चिखल्याकडे जन्मापासून असतं. याच किनाऱ्यावर, अलिबागच्या उत्तरेला किहीमला राहून सालिम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. रोज एकाच जागी बसून बघत राहायचं आणि लिहून ठेवायचं, ही त्यांची रीत. आपल्या देशात पक्षीनिरीक्षण ज्या पायावर उभं आहे, त्यातला एक मोठा दगड या तालुक्यात बसवला गेला.

दुपारी भरती पूर्ण चढली. खडक बुडाले. पक्षी आता खाऊ शकत नव्हते. एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून ते पाणी उतरायची वाट बघत होते. अशा वेळी वाळूवरून एक चारचाकी भरधाव आली आणि थव्यातून गेली. शेकडो पक्षी उठले, समुद्रावर दोन वळसे घेऊन पुन्हा उतरले. ते पुरते विसावले नव्हते तोच सहलीला आलेली मुलं हात पसरून त्यांच्याकडे धावली. पुन्हा उड्डाण. कुणीतरी ते मोबाइलवर टिपत होतं, कारण थवा उडताना फार सुंदर दिसतो.

सुंदर दिसतो हे खरंच आहे. पण साठ-सत्तर ग्रॅमच्या पक्ष्याला त्याची किंमत मोजावी लागते. त्याला खायला दिवसातले मोजके तास मिळतात, ते समुद्र ठरवतो. उरलेल्या तासांत विसावा घेऊन त्याने ऊर्जा वाचवायची असते. तेव्हाच त्याला पाच-सहा वेळा उठवलं तर सकाळभर खडकावर कमावलेलं दुपारी हवेत उडून जातं. हिवाळाभर असं झालं की चरबी साठत नाही, आणि परतीचा प्रवास अर्ध्या ताकदीने सुरू होतो. याचा परिणाम किनाऱ्यावर दिसत नाही, तो हजारो किलोमीटरवर कुठेतरी घडतो, म्हणून तो आपल्याला खरा वाटत नाही.

भाचा उठून त्या मुलांकडे गेला. रागावला नाही. त्याने स्कोप खाली त्यांच्या उंचीला लावला आणि एकेकाला बघायला बोलावलं. एका मुलाने विचारलं, "काका, त्यांचा एक पाय तुटलाय का?" भाच्याने सांगितलं की दुसरा पाय पोटाच्या पिसांत आहे, उघड्या पायातून अंगातली ऊब जाते म्हणून तो आत घेतलाय. मुलं त्यानंतर धावली नाहीत. ती वाळूत बसून एका पायाचे पक्षी मोजू लागली.

मुलांना हे कळायला दोन मिनिटं लागली. मोठ्यांना कळायला उशीर झाला तर चालणार नाही, अशी वेळ आज आली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने म्हणजे आययूसीएनने किनारी पक्ष्यांच्या सोळा जातींचा धोका वाढल्याचं जाहीर केलं. सकाळी आमच्यासमोर दगड उलटणारा टर्नस्टोन त्यात आहे. आक्षीचा कर्ल्यू आणि ऑइस्टरकॅचर त्याआधीपासून संकटाच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहेत. आणि कर्ल्यूचाच एक भाऊबंद, सडपातळ चोचीचा कर्ल्यू, ऑक्टोबर २०२५ मध्ये नामशेष म्हणून नोंदला गेला. तो १९९५ मध्ये मोरोक्कोत शेवटचा खात्रीने दिसला होता. तीस वर्षं लोक त्याला शोधत होते. घरटी करायची पाणथळ जागा गेली, वाटेत शिकार झाली, हिवाळी किनारे आटले. एकाच कारणाने तो गेला नाही, आणि कुठल्याही एका देशाला त्याला एकट्याने वाचवता आलं नसतं. उड्डाणमार्गावरचा प्रत्येक मुक्काम शाबूत राहिला तरच वाट शाबूत राहते. आक्षीची पट्टी तसा एक मुक्काम आहे, आणि गंगाखेडचं पात्रही.

आमचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. त्यांच्या एका अभंगात पिल्लांसाठी चारा आणायला दूर देशी जाणारा पक्षी आहे, आणि आकाशात हिंडतानाही पिल्लांपाशी झेप घेणारी घार आहे. मारुती चितमपल्लींनी आपल्या एका पुस्तकाचं नाव त्याच अभंगातून घेतलं. लहानपणापासून ऐकलेला तो अभंग मला समुद्रकाठी नव्याने समजला. त्यात माया आहेच, पण कष्टही आहेत. दूर जाणं ही पक्ष्याची हौस नव्हे, ते पोटाचं काम आहे. दळणकांडण करत ज्या बाईने आयुष्य काढलं, तिला पक्ष्यातलं हे काम दिसलं. किनाऱ्यावर वाळूत बसलेला थवा म्हणजे सुट्टीवर आलेली मंडळी नाहीत, ती कामावर आहेत, एवढं जरी आपण ध्यानात धरलं तरी आपलं वागणं बदलेल.

म्हणून कोकणात हिवाळ्यात जाणाऱ्या माझ्या मराठवाड्यातल्या मंडळींना सांगते: नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, आणि पंचांग बघून जा. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा म्हणजे सकाळची ओहोटी मिळेल. पाणी उतरत असताना खडकाच्या कडेला खाली बसा. उभ्या माणसाला पक्षी घाबरतात, बसलेल्याला लवकर स्वीकारतात. उलटलेला दगड परत जागेवर ठेवा, त्याच्या खाली कुणाचं तरी घर असतं. पाणी फिरलं की किनाऱ्याकडे निघा, आणि शंका असेल तर कालवं काढणाऱ्या बाईला विचारा. भरतीला विसावलेल्या थव्यापासून लांब राहा, गाडी वाळूवर नेऊ नका, आणि उडता थवा टिपण्यासाठी त्याला उठवू नका.

आणि आपल्या नदीकडेही बघा. गोदावरीतली वाळूची बेटं म्हणजे नदी सुरयची घरट्याची जागा. उन्हाळ्याच्या तोंडाला ती उघड्या वाळूवरच अंडी घालते आणि जगाच्या यादीत ती आज धोक्यात आहे. वाळू उपसली की बेट जातं, बेट गेलं की सुरय जाते, आणि हिवाळ्यात तिथे उतरणाऱ्या तुताऱ्या, धोबी, चिखल्यांचाही काठ जातो. आशियाभर १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. तिच्यात सामान्य माणसांनी केलेल्या नोंदी जमा होतात आणि कुठला काठ राखायचा हे त्यावरून मांडता येतं. येत्या जानेवारीत गंगाखेडच्या घाटापासून मुळीच्या बंधाऱ्याच्या दिशेने सकाळी चालत जाऊन ही मोजणी करायची आहे. दुर्बीण नसली तरी या. एक वही आणा, आणि मुलांना बरोबर आणा.